दारची भिंत आणि चितारी



घराच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचे म्हटले की पुष्कळांना ती शहरातल्या बंगलेवाल्यांची हौस वाटते. पण जरा आठवून पाहा. लग्नघराच्या दाराशी दोन बाजूंना भालदार-चोपदार, वर गणपती, शेजारी हत्ती किंवा मोर आणि खाली वधूवरांची नावे, हे आपल्या कितीतरी गावांतून होत आले आहे. चितारी यायचा, भिंतीवर चुन्याचा हात फिरवायचा, दोन दिवसांत घराचा दर्शनी भाग सजवायचा आणि ठरलेले पैसे नि शिधा घेऊन पुढच्या लग्नघरी जायचा. घरमालकाने चित्रकाराला बोलवावे, विषय सांगावा, मोल ठरवावे आणि बाहेरच्या भिंतीवर काम करून घ्यावे, हा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. फरक एवढाच की त्या चित्राचे आयुष्य ठरलेले असे. लग्न वैशाखात व्हायचे. मृगाच्या सरी आल्या की चोपदाराची काठी ओघळू लागायची आणि आषाढात भिंत पुन्हा कोरी. त्याबद्दल कोणी हळहळत नसे. चित्र त्या समारंभापुरतेच होते.

आता मागणी निराळी आहे. रोहा शहराला लागून वरसे आहे. तिकडून एकदा चक्कर मारली तर कालपर्यंत भाताची खाचरे होती तिथे आज घरे उभी दिसतात. सिमेंटचा गिलावा, सपाट छप्पर, पुढे फाटक आणि रस्त्याच्या बाजूला एक भली मोठी कोरी भिंत. त्या भिंतीवर काहीतरी असावे असे मालकाला वाटते. यात मला काही गैर दिसत नाही. उलट बरेच वाटते. पण ते चित्र टिकावे, असेही त्याला वाटते. भिंत कोकणातली, आणि रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत. चित्रकाराशी बोलण्याआधी या पावसाशी बोलणी करावी लागतात, आणि तेच कोणी करत नाही.

वरसे येथे नवे घर बांधणाऱ्या एका गृहस्थांनी मध्यंतरी मला मोबाइलवर दहा-बारा चित्रे दाखवली. एकात धबधबा होता, एकात हंसाची जोडी, एकात वारली नाच. “सर, यांतले कुठले चांगले दिसेल?” असा त्यांचा प्रश्न. जवळ त्यांचा गवंडी उभा होता. तो म्हणाला, “शेठ, चित्र कुठलं पण काढा, पण ही भिंत पश्चिमेची आहे. दोन पावसात सगळं खाली येईल.” गृहस्थ हिरमुसले. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत, तोवर भिंत रंगून तयार हवी, अशी त्यांची इच्छा होती. मला विचाराल तर त्या सकाळी सर्वांत शहाणे वाक्य गवंड्यानेच उच्चारले. आजच्या भाषणात त्याचेच म्हणणे मी जरा विस्ताराने मांडणार आहे.

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. वारा त्याला तिरपा करतो आणि तो पश्चिमेच्या नि दक्षिणेच्या भिंतींवर आपटतो. आपल्या आजोबांना हे ठाऊक होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या बाजूंना माडाच्या झावळ्यांच्या झापा बांधत. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दोन-दोन हात दूर पडत. नव्या घराला पागोळ्याच नाहीत. स्लॅबवरचे पाणी कडेवरून भिंतीवरच उतरते. अशा भिंतीवर साक्षात मोठ्या चित्रकाराने काम केले तरी पाणी त्याला ओळखत नाही. तेव्हा चित्रासाठी भिंत निवडायची ती शक्यतो पूर्वेची. उत्तरेकडे पाऊस कमी लागतो, पण ऊनही कमी लागते, म्हणून ओल राहते आणि शेवाळ धरते. पूर्वेच्या भिंतीला सकाळचे ऊन मिळते, ती लवकर वाळते, आणि दुपारच्या कडक उन्हाने रंग उडण्याची भीतीही कमी. रस्ता नेमका पश्चिमेला असेल तर? तर वर चांगला रुंद छज्जा काढावा, आणि छज्जाच्या खालच्या कडेला लांबच्या लांब एक खाच ठेवावी, म्हणजे पाणी उलटे वळून भिंतीकडे न येता तिथूनच थेंबाथेंबाने गळून पडेल. गवंड्याला ही खाच सांगावी लागते. न सांगता ती फारसे कोणी ठेवत नाही.

भिंतीच्या पायाशी दुसरा शत्रू असतो. जमिनीवर आपटून उडालेले पाणी तांबडी माती घेऊन दीड-दोन फूट वर चढते, आणि जमिनीतली ओलही विटांतून वर येते. ती आपल्याबरोबर क्षार आणते. पाणी वाळते, क्षार मागे उरतो आणि पांढरी बुरशी आल्यासारखा फुलतो. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. लोणा रंगाच्या मागून येतो आणि रंगाला पुढे ढकलून पापुद्र्यासारखा सोडवतो. वरून कितीही भारी रंग लावा, त्याला मागून येणाऱ्या शत्रूचे काय? म्हणून चित्राची खालची रेघ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असावी. जुन्या घरांना खाली कावेचा तांबडा पट्टा असे. त्यामागे शोभेपेक्षा व्यवहारच जास्त असावा असे मला वाटते; तांबड्या पट्ट्यावर तांबडी माती उडाली तर दिसणार कुठे?

आता वास्तुशांतीच्या घाईबद्दल. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान अठ्ठावीस दिवस रंग लावू नये, हे कोणताही जाणता रंगारी सांगेल. त्या अवधीत सिमेंटचे मुरणे बव्हंशी पुरे होते. पण नुसते मुरणे वेगळे आणि वाळणे वेगळे. शिवाय ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. म्हणजे चुनखडीच्या जातीचा दाहक गुण त्यात असतो. तेलात कालवलेला रंग त्यावर लावला तर तेलाचा चक्क साबण होतो. शिक्षक मित्रांनी वर्गात साबणाची कृती शिकवली असेल. तेल आणि अल्क एकत्र आले की काय होते ते त्यांना सांगायला नको. तोच प्रयोग भिंतीवर होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. त्यातून नवे घर पहिल्या वर्षी थोडे बसते आणि बारीक चिरा पडतात. त्या चित्राच्या नाकाडोळ्यांतून गेल्या तर दोष चितारीच्या माथी येतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की घराला एक पावसाळा पाहू द्यावा. वास्तुशांत ठरल्या दिवशी करा, जेवणावळी घाला, पण भिंत कोरी असू द्या. त्या चार महिन्यांत भिंत तुम्हाला सगळे सांगेल. पाणी कुठून उतरते, ओल कुठवर चढते, शेवाळ कुठे धरते, चीर कुठे जाते. शक्य असेल तर ज्या रंगात काम करायचे त्याच रंगांचा हातभर तुकडा भिंतीच्या कोपऱ्यात आधी लावून ठेवावा. दसऱ्याला तो जसा दिसेल तसे तुमचे चित्र पुढच्या दसऱ्याला दिसणार. मोबाइलवरच्या शंभर चित्रांपेक्षा हा हातभर तुकडा जास्त खरे बोलतो.

आता रंग आणि माध्यम. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच पावसात टिकून राहिलेली एक भित्तिकला आहे आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत. तिला कावी म्हणतात. आपण ज्याला काव म्हणतो, ती तांबडी माती, तिच्यावरूनच हे नाव. गोव्यात आणि खाली कारवार-कुमठ्याच्या बाजूला जुन्या देवळांच्या भिंतींवर ती दिसते. पेडणे तालुक्यात मोरजी गावी मोरजाईचे देऊळ आहे, तिथे हे काम पाहायला मिळते. पांढऱ्या भिंतीवर तांबड्या रेषांनी काढलेल्या वेली, फुले, देवदेवता. लांबून वाटते की ब्रशाने रंगवले आहे. जवळ जाऊन पाहिले म्हणजे कळते की हे रंगवलेले नाही, कोरलेले आहे.

त्याची रीत अशी. शिंपल्यांचा चुना घ्यायचा. त्यात नदीची वाळू आणि गुळाचे पाणी घालून ते मिश्रण बरेच दिवस मुरत ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा कुटायचे. त्याचा लोण्यासारखा गिलावा भिंतीवर चढवायचा. तो ओला असतानाच वर कावेचा पातळ तांबडा थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. मग टोकदार हत्याराने आकृती आखून, जिथे पांढरे हवे तिथला तांबडा थर खरवडून काढायचा. आत पांढरा चुना आहेच. सगळे काम ओल असेतोवर, म्हणून एका दिवसात उरकेल तेवढाच गिलावा त्या दिवशी चढवायचा.

हे टिकते का, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला कार्बन डाय ऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून विरतो. हा विरवलेला चुना भिंतीवर चढला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे शिंपला होता, पीठ झाला, पुन्हा शिंपल्याच्या जातीचा दगड झाला. या दगड होण्यात वरची काव सापडते ती कायमची. रंग भिंतीवर बसलेला नसतो, भिंतीचा भाग झालेला असतो. पावसाने तो धुऊन निघायचा तर भिंतच धुऊन निघाली पाहिजे. काव म्हणजे लोखंडाचा गंज आणि माती. चुन्याने ती बिघडत नाही आणि उन्हाने उडत नाही. पिवळी माती, काजळी, चुना हेही तसेच. वनस्पतींचे रंग मात्र उन्हापुढे टिकत नाहीत.

पुष्कळांची अशी समजूत असते की अजिंठ्याची चित्रेही ओल्या चुन्यावरची आहेत. ती तशी नाहीत. तिथे माती, भुसा वगैरेंच्या लेपावर, तो वाळल्यानंतर, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग लावले आहेत. ती टिकली याचे एक कारण ती डोंगराच्या पोटात, उन्हापावसाआड आहेत. वरशाच्या भिंतीला अजिंठा हा गुरू म्हणून चालणार नाही. मोरजाई चालेल.

अर्थात कावीसाठी भिंत तशी तयार हवी. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर चुना धरत नाही. म्हणून गिलावा करण्यापूर्वीच ठरवावे आणि चित्राच्या जागेपुरता फक्त पहिला खडबडीत हात देऊन ठेवायला गवंड्याला सांगावे. पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा आणि मग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली पण ऊन कडक झालेले नाही, अशा दिवसांत काम काढावे. चैत्रातल्या उन्हात चुना फार लवकर सुकतो आणि तडकतो.

भिंत आधीच पुरी झाली असेल तर दुसरे मार्ग आहेतच. बाहेरच्या भिंतीसाठी बनवलेले पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग आज तालुक्याच्या गावी मिळतात. त्यांखाली अल्क सोसणारा अस्तराचा हात देणे भाग आहे. ते काही वर्षे बरे राहतात, मग फिकटतात, आणि पुन्हा हात द्यावा लागतो. त्यात कमीपणा मानू नये. के. जी. सुब्रमण्यन् यांच्यासारख्या थोर चित्रकाराने शांतिनिकेतनातल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरल्या होत्या. त्या खराब झाल्यावर २००९ साली, वयाच्या पंचाऐंशीच्या घरात, त्यांनी ते काम नव्याने केले. याच सुब्रमण्यन् यांनी १९६३ साली लखनौच्या रवींद्रालयाच्या बाहेरच्या भिंतीसाठी भाजलेल्या मातीच्या फरशांचे सुमारे ऐंशी फूट लांबीचे भित्तिशिल्प केले. भाजलेल्या मातीला बर्फाचे भय असते. आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा कौलांच्या या प्रदेशात भाजलेली माती का वापरू नये, हे मला कळत नाही.

आणखी एक मार्ग उठावाच्या कामाचा. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी ऊन तिरपे पडते. अशा उन्हात अर्धा इंच उठाव असला तरी त्याची सावली रेघेसारखी उमटते. रंग लावण्याची गरजच राहत नाही. ऊन रोज सकाळी चित्र काढते आणि दुपारी पुसते. असे काम करू शकणारे हात आपल्यापासून फार दूर नाहीत. पेण आणि हमरापूर परिसरात गणपतीच्या मूर्ती घडवणारी घराणीच्या घराणी आहेत. साचा, माती, उठाव, डोळ्यांची आखणी यांत त्यांचा हात बसलेला असतो. फक्त गणपतीच्या आधीच्या दिवसांत त्यांच्या दारी जाऊ नये; त्यांना जेवायला फुरसत नसते.

इथून मी माणसांकडे वळतो, कारण या विषयात भिंतीइतकेच चितारीकडेही दुर्लक्ष होते. आपल्या तालुक्याच्या गावांत पाट्या रंगवणारे, दुकानांची नावे लिहिणारे पेंटर होते. अक्षरावर त्यांची हुकमत असे. फ्लेक्सची छपाई आली आणि त्यांतले कितीतरी हात रिकामे झाले. आता घराच्या भिंतीसाठीही छापील चित्रे चिकटवून देणारे निघाले आहेत. त्यांची किंमत चौरस फुटावर असते आणि एकच धबधबा रोह्याला, माणगावला आणि महाडला सारखाच कोसळतो. कोणाला ते आवडत असेल तर त्यांचे पैसे, त्यांची भिंत. पण त्याच पैशांत एखाद्या हाताला काम मिळत असेल आणि भिंतीला स्वतःचे असे काही मिळत असेल, तर निवड करताना निदान त्याचा विचार तरी व्हावा.

चितारी निवडायचा कसा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उदाहरण सांगतो. १९६२ साली होमी भाभांना संस्थेच्या इमारतीसाठी भित्तिचित्र हवे होते. त्यांनी अनेक नामवंत चित्रकारांकडून आधी आराखडे मागवले. त्यांतून हुसेन यांचा आराखडा निवडला गेला आणि ‘भारत भाग्यविधाता’ हे लांबलचक चित्र तयार झाले. भाभा स्वतः चित्रे काढत, त्यांना चित्रातले कळत होते, तरीही त्यांनी आधी कागदावरचे पाहिले. तुम्हाआम्हाला तर ते पाहायलाच हवे. दोघा-तिघांना बोलवावे, भिंत दाखवावी, घरातल्यांशी बोलू द्यावे आणि लहान आराखडा मागावा. पण त्या आराखड्याचे पैसे वेगळे द्यावेत, काम मिळो वा न मिळो. फुकट नमुने काढून घेऊन त्यांतला बरा नमुना दुसऱ्याच्या हातून स्वस्तात उतरवून घेण्याची रीत मी पाहिली आहे. तिला चोरी याशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

आराखडा पसंत पडला की तो चौकटी पाडून भिंतीवर मोठा करतात, किंवा कागदावर पुऱ्या मापाचा खाका काढून, रेघांवर भोके पाडून, कोळशाची पूड झारून भिंतीवर उतरवतात. हा खाका भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहावा. रस्त्यावरून जाणारा माणूस तुमचे चित्र चालत्या पावलांनी पाहणार. हातभर अंतरावरून सुंदर दिसणारी बारीक नक्षी तिथून नुसती धूसर दिसते. थोडे आकार, मोठे आकार, ठळक कडा, हे बाहेरच्या भिंतीचे शास्त्र. लग्नघरचा चोपदार पुरुषभर उंच का असे, ते यावरून समजेल.

राजस्थानात शेखावाटी म्हणून भाग आहे. तिथल्या सावकारांनी अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्या हवेल्या आतून-बाहेरून चित्रांनी भरवून घेतल्या. ओल्या चुन्यावर. गवंडीकाम आणि चित्रकाम करणारे तिथे एकच. त्यांना चेजारा म्हणत. भिंत बांधणाऱ्यालाच चित्र काढायचे होते, म्हणून भिंत चांगली बांधली जाई! आपल्याकडे गवंडी निराळा आणि चितारी निराळा. तो गेल्यावर हा येतो आणि दोघे एकमेकांना दोष देतात. निदान दोघांना एकदा एकाच दिवशी भिंतीपुढे उभे करावे आणि चहा पाजावा. त्या चेजाऱ्यांनी देवादिकांबरोबर आगगाड्या आणि मोटारीही काढल्या. नवे जे दिसले ते भिंतीवर आले.

मग आपल्या भिंतीवर काय यावे? वारली चित्र हवे असे पुष्कळांना वाटते, आणि ते सोपे म्हणून कोणाकडूनही काढून घेतात. वारली समाज मुख्यतः आपल्या उत्तरेला, डहाणू, तलासरी, जव्हारच्या बाजूला. तिथे लग्नात सुवासिनी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत, मध्ये पालघट देवी. ते काढणे नव्हे, लिहिणे. त्याला विधी आहे, गाणी आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला विधीच्या बाहेर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. २०१४ साली या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. तुम्हाला वारली चित्र हवे असेल तर वारली चित्रकाराला बोलवा. डहाणू काही परदेशात नाही. जाण्यायेण्याचे भाडे द्या, चार दिवस घरी ठेवून घ्या. त्यांचे ते त्यांच्या हातून येऊ द्या.

नाहीतर आपले आपल्याकडे काय थोडे आहे? कुंडलिका आहे. आवणी आहे. दसऱ्यानंतर निघणारी धावीर महाराजांची पालखी आहे, तिला पोलिसांची मानवंदना मिळते. असे दृश्य किती गावांत दिसते? रोह्याचे स्टेशन आहे, तिथून कोकण रेल्वे सुरू होते. आणि जिथे तुमचे घर उभे आहे तिथे काल खाचर होते, हेही आहे. विषय द्यावा, पण प्रत्येक झाडाचे पान कुठे असावे हे सांगू नये. चितारीला सांगायच्या गोष्टी दोनच. काय मनात आहे ते, आणि काय नको ते.

व्यवहार मात्र कागदावर असावा. मोल किती, आगाऊ किती, रंग आणि परांची कोणाची, काम कधी पुरे, आणि पहिल्या पावसात काही सुटले तर दुरुस्ती कोणाकडे. मजुरी निव्वळ चौरस फुटावर ठरवू नये. चौरस फुटावर ठरले की हात आपोआप मोठे, रिकामे आभाळ रंगवू लागतो. कायद्याची एक बाब सहसा कोणाला ठाऊक नसते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे येतो. पण चित्राशी चित्रकाराचे नाव जोडलेले राहावे आणि त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हा हक्क चित्रकाराकडेच राहतो. अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचे प्रकरण याबाबत प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांना १९५७ साली ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प सांगितले गेले. ते त्यांनी काही वर्षे खपून पुरे केले. १९७९ साली इमारतीच्या नूतनीकरणात ते उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. सेहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. समोर खुद्द सरकार होते. घर वाढवताना चित्राची भिंत पाडायची वेळ आली तर आधी चितारीला कळवावे, त्याला छायाचित्र घेऊ द्यावे, एवढी एक ओळ करारात घालायला काय हरकत आहे? आणि चित्राच्या कोपऱ्यात त्याचे नाव आणि साल हवे. लग्नघरी वधूवरांची नावे असत, चितारीचे नसे. ती एक रीत मात्र पुढे चालवू नये.

शिक्षक मित्रांना जाता जाता एक सांगतो. बोलक्या भिंतींसाठी शाळेला थोडेफार पैसे मिळतात, आणि मार्चअखेर ते खर्ची घालायचे म्हणून भर उन्हाळ्यात तेलरंगाने पाढे आणि नकाशे काढले जातात. दोन पावसाळ्यांनी सह्याद्रीचे पोपडे निघतात. त्यापेक्षा व्हरांड्याच्या आतली भिंत घ्या, ती पावसाआड असते. बाहेरची घ्यायचीच तर चुना आणि काव घेऊन पाच फुटांचा एकच तुकडा मोठ्या मुलांच्या साक्षीने करून पाहा. मुलांचे हात मात्र चुन्यापासून जपा. डोळ्यांत कण गेला तर इजा होते, म्हणून विरवण्याचे काम मोठ्यांनीच, चष्मा नि हातमोजे घालून करावे.

वरशाच्या त्या गृहस्थांनी पश्चिमेची भिंत सोडून फाटकाजवळची पूर्वेची भिंत धरली आहे, आणि वास्तुशांत कोऱ्या भिंतीनेच झाली. पावसाळ्यात त्या भिंतीच्या एका कोपऱ्यात ओल दिसली. वरच्या पाइपाचा सांधा गळत होता, तो बदलून झाला. कावीचे काम करायचे त्यांच्या मनात आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. कळीचा चुना आजच आणून विरवा, जाड कापडातून गाळून घ्या, पिंपात भरून वर चार बोटे पाणी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. जितका जुना होईल तितका तो मऊ आणि चिवट होतो. मार्गशीर्षात गवंडी तो हातात घेईल तेव्हा निदान तीन महिने मुरलेला असावा.